सासूची पायफळी

आमच्या कारखान्यात डब्यांना झाकणं बसवणारं एक यंत्र होतं. त्याला सगळे 'सासू' म्हणायचे. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण चुकीचं ठेवलं नव्हतं. बोट जरा पुढे गेलं की चावायची. कितीही मन लावून करा, तिचं समाधान नाही. आणि तिची तब्येत बिघडली की सगळं घर ठप्प. या सासूला सुना दोन, सकाळपाळीची सनोबरआपा आणि दुपारपाळीची तुर्सुनोयआपा. जर्दाळूच्या हंगामात यंत्र थांबत नसे. एक उतरायची, दुसरी चढायची. आणि जावाजावांचं जसं असतं, तसंच त्यांचंही होतं. पटत नव्हतं.

मी त्यांच्या पुढे, सरकत्या पट्ट्याच्या शेवटी बसायची. माझ्या हातात एक पोलादी काडी, तिच्या टोकाला हरभऱ्याएवढी गोळी. डबा गार होऊन आला की झाकणावर टिचकी मारायची आणि ऐकायचं. नीट बंद झालेला डबा 'टण्ण' वाजतो. ज्याच्या कडेतून हवा शिरली आहे तो 'डब्ब' करतो. तो बाजूला काढायचा. चारी बाजूंनी वाफेचा फुसकारा, पत्र्यांचा खणखणाट, बायकांच्या गप्पा, आणि त्यातून मला एक डबा ऐकायचा असे. माझा आवाज बारीक का, असं कोणी विचारलं की आई म्हणायची, "ऐकणाऱ्यानं बोलायचं किती?" प्रत्येक पेटीचा पहिला डबा मी बिस्मिल्ला म्हणून वाजवायची, ओठातल्या ओठात. त्या काळी सरकारला देवधर्म खपत नसे, मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. दुपारची नमाज रिकाम्या खोक्यांच्या आड व्हायची. आमची मुकादम बाई सरकारी पक्षाची सभासद होती, पण मी आत गेले की ती अलीकडे उभी राहून खोकी मोठमोठ्याने मोजायची. अल्ला तिचं भलं करो.

डबा कोणी बंद केला हे मला वाजवूनच कळे. सनोबरआपाचा डबा चहाच्या रिकाम्या पियाल्यासारखा, बारीक आणि लांब वाजायचा. तुर्सुनोयआपाचा खोल, विहिरीत खडा पडावा तसा. आवाज वेगळे, पण दोन्ही पक्के.

पुढे ते राज्य गेलं, देश बदलला. साखर येईना, पत्रा येईना, कारखान्याला कुलूप लागलं. इस्फाराच्या खोऱ्यात जर्दाळू मात्र पिकतच राहिला. आम्ही तो छपरांवर वाळवला, विकला, खाल्ला आणि म्हाताऱ्या झालो. गेल्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या शुहरतने कारखाना विकत घेतला. त्याची आईही तिथे जर्दाळूच्या बिया काढायची. नवी यंत्रं आली, पण शुहरतच्या मनात एक गोष्ट होती. उद्घाटनाच्या दिवशी पहिला डबा जुन्या सासूने बंद करायचा, आणि मग तिला फाटकाशी मानाने बसवायचं. तो स्वतः सनोबरआपाच्या दारात आला आणि म्हणाला, "खाला, पहिला डबा तुमच्या हातचा."

तुर्सुनोयआपाला कोणी विचारलं नाही. तिचा गुडघा गेलेला, काठीशिवाय अंगणही ओलांडवत नव्हतं. तिला विचारून उगाच दुखवायचं कशाला, असं सगळ्यांना वाटलं.

त्या संध्याकाळी मी सनोबरआपाकडे गेले. अंगणातल्या चौथऱ्यावर जेवणाचा दस्तरखान पसरला होता. तिचा धाकटा, नेमत, सुट्टीवर आला होता. तो दूर रशियात उंच इमारतींना लिफ्ट बसवायचं काम करतो. मुलगा चांगला, आईच्या गोळ्याही न सांगता आणतो. जीभ तेवढी सैल.

"ऐकलंत का मुनव्वरखाला," मला बघताच तो म्हणाला, "आमच्या आईला बोलावणं आलंय. फीत कापायला साहेब आणि डबा दाबायला आई!"

"दाबायला नाही, बंद करायला," सनोबरआपा म्हणाली.

"तेच ते गं. बंद मशीन करतं. तू पाय ठेवायचीस. पाय काय, शिलाई मशीनवर माझी बायकोपण ठेवते."

"म्हणूनच तुझ्या विजारीचा एक पाय आखूड आहे," मी म्हणाले. हळूच म्हणाले, पण स्वयंपाकघरातून सून फिस्सकन हसली.

नेमतही हसला. सनोबरआपा हसली नाही. तिने नानचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "तीन पोरं त्या यंत्रावर उभं राहून वाढवली मी. त्यांना वाटतं, आई कुठेतरी जाऊन पाय ठेवून यायची. हा शुक्रवारी जाईल, मुनव्वर. पुन्हा येईल तेव्हा मी असेन, नसेन. उद्घाटन गुरुवारी आहे. त्यानं एकदा बघावं. कौतुक नको मला. नुसतं बघावं, आई काय करत होती ते."

"बघेल की," मी म्हणाले.

"आणि डबा 'डब्ब' वाजला तर?"

"तुझा कधी वाजलाय?"

सोमवारी आम्ही तालमीला गेलो. सोमवार-गुरुवार माझा रोजा असतो, त्यामुळे पोट रिकामं आणि कान स्वच्छ. पेटीतली काडी काढून मी रुमालात गुंडाळून नेली होती. कारखान्यात योदगोरअका आमची वाटच बघत होता. अका म्हणजे दादा. हा आमचा जुना यंत्रदुरुस्तीवाला, सासूचा हकीम म्हणा. त्याने महिनाभर खपून तिला उभं केलं होतं. हिरवागार रंग, पितळेचे भाग लखलखीत, चाकांना तेल.

"कशी दिसते?" त्याने विचारलं.

"नवरीसारखी," मी म्हणाले.

"बघा! सासूची नवरी केली मी!"

सनोबरआपाने दोन्ही हातांनी यंत्राला स्पर्श केला आणि हात चेहऱ्यावरून फिरवले. मग जागेवर उभी राहिली. मी इतकी वर्षं तिचे डबे ऐकले होते, पण तिला काम करताना बघितलं नव्हतं. माझी पाठ असायची तिच्याकडे. आता बघितलं. डाव्या हाताने डबा तबकडीवर, उजव्या हाताने झाकण त्यावर, आणि झाकण टेकतंय न टेकतंय तोच पाय खालच्या पायफळीवर. पाय दाबला की तबकडी डब्याला वर उचलून धरते आणि दोन चाकं डब्याभोवती फिरून झाकणाची कड दुमडून घट्ट करतात. चाकं थांबेपर्यंत पाय हलता कामा नये. हातांना सगळं आठवत होतं. खांदेसुद्धा त्या तालात हलत होते.

गरम पाणी भरलेले डबे तिने बंद केले, योदगोरअकाने ते कालव्याच्या गार पाण्यात सोडले. निवल्यावर मी पहिला घेतला. बिस्मिल्ला म्हटलं आणि काडी मारली.

डब्ब.

दुसरा. डब्ब. तिसऱ्याच्या कडेतून तर पाणीच झिरपत होतं.

योदगोरअकाने चाकं घट्ट केली, मग सैल केली, मग स्वतःलाच शिव्या दिल्या. पुन्हा डबे, पुन्हा डब्ब. सनोबरआपाचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"माझंच गेलं सगळं," ती म्हणाली. "शुहरतला सांगा, दुसरं कोणी बघ म्हणून. नेमतसमोर असा डबा वाजायला नको."

मी खाली बघितलं, आणि मला तिचा पाय दिसला. ती बोलत होती, पण पाय अजून कामावर होता. अंधारात खाटेखाली चप्पल चाचपावी, तसा तो त्या चकचकीत पायफळीवर काहीतरी शोधत होता. जरा पुढे, जरा मागे. बोटं आवळायचा, घसरायचा.

"आपा, पाय काय शोधतोय गं?" मी विचारलं.

तिने खाली बघितलं. वाकली, फळीवरून हात फिरवला. "योदगोर, ही फळी कुठली?"

"नवी केली!" त्याची छाती फुगली. "अक्रोडाची आहे. दोन वेळा घासून पॉलिश केलंय. जुनी पार खड्डे पडलेली होती, पाहुण्यांसमोर ती ठेवायची होय?"

"ती कुठंय?"

"तुतीची? ती तुर्सुनोय घेऊन गेली. यंत्र बघायला आली होती काठी टेकत. म्हणाली, द्या, तंदूरमध्ये घालते."

सनोबरआपा मटकन खोक्यावर बसली. "झालं. भाजल्या असतील तिच्यावर नान."

"मला काय माहीत गं," योदगोरअका रडवेला झाला. "मी आपलं चांगलं दिसावं म्हणून..."

"तुझं चुकलं नाही. तू पाय नाही ठेवलास तिच्यावर कधी," ती म्हणाली.

"चल, तुर्सुनोयआपाकडे," मी म्हणाले.

"त्या उंटाच्या दारात? मी?"

उंट कुठून आला ते सांगते. पायफळीला लोखंडी दांडीवर बसवायला भोकांच्या दोन जोड्या होत्या. सनोबरआपा बुटकी, तिला फळी जवळ लागायची. तुर्सुनोयआपा उंच, तिला लांब. रोज पाळी बदलली की पहिलं काम म्हणजे बोल्ट काढून फळी सरकवणं. दोघींनाही वाटायचं, दुसरी मुद्दाम छळते. बोलणं होतच नसे, एकीची निघायची घाई आणि दुसरीची कामाला लागायची. मग एके दिवशी सनोबरआपाला यंत्रावर खडूने लिहिलेलं सापडलं, 'बुटके, फळी सोड.' तिने खाली लिहून ठेवलं, 'उंटा, आधी मान आवर.' त्यानंतर दोघींनी एकमेकींशी सलामसुद्धा केला नाही. लग्नांत, मयतींत, एकाच गल्लीत, इतकी वर्षं.

"खडूचं लिहिलेलं पुसलं जातं, आपा," मी म्हणाले. "आणि गुरुवार लांब नाही."

ती कालव्याच्या कडेकडेने माझ्या मागून आली. वाटेत दोनदा थांबली. दोनदा मीही थांबले.

तुर्सुनोयआपा अंगणात जर्दाळू फोडत बसली होती. आम्हाला बघून तिचा चाकू हवेतच राहिला.

"खैर असो," ती म्हणाली. "मेलं कोण?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "सलाम अलैकुम."

"वालैकुम. मग ही कशी आली? वाट चुकली का?"

सनोबरआपा दातांतून म्हणाली, "मुनव्वर, चल परत."

"बसा, बसा. दारात आलेल्याला उपाशी पाठवायची आमच्यात पद्धत नाही. बुटकं असलं तरी." ती काठी टेकत उठली, आत घेऊन गेली, दस्तरखान पसरला, नान मोडली. मोडलेली नान पुढे आली की ती खाल्ल्याशिवाय मागणं मागता येत नाही, आणि खाल्ल्यावर भांडताही येत नाही. सनोबरआपाने तुकडा तोंडात घातला. माझ्याकडे बघून तुर्सुनोयआपा म्हणाली, "तुझा सोमवार. तू हवा खा."

मग सरळ सनोबरआपाकडे वळली. "बोल. काय हवंय?"

"पायफळी."

"जाळली."

सनोबरआपाच्या हातातला घास खाली आला. तिने फक्त मान हलवली, कोणाच्या मरणाची बातमी ऐकून हलवतात तशी. मला ते बघवेना, म्हणून मी वर बघितलं.

भिंतीवर एक नान टांगलेली होती, कडेला एका घासाची जागा रिकामी. तुर्सुनोयआपाचा नातू परदेशी जाताना घास घेऊन गेला होता. परत येऊन तोच ती संपवेल. आमच्या सगळ्यांच्या घरांत अशी एखादी नान टांगलेली असते. त्या नानच्या शेजारी, त्याच खिळ्याला सुतळीने बांधून, पायफळी टांगलेली होती. पुसून, तेल लावून.

"तुर्सुनोयआपा," मी म्हणाले, "तुझ्या तंदूरला आग कमी लागते वाटतं."

तिने माझ्या नजरेच्या रोखाने बघितलं आणि मोठ्याने हसली. "या पोरीचं काय करावं! बोलत नाही, बोलत नाही, आणि बोलली की थेट गळा धरते." मग हसू आवरून सनोबरआपाला म्हणाली, "योदगोरला म्हणाले जाळते. त्याच्यासमोर काय सांगू, की लाकडाच्या तुकड्यासाठी रडायला येतंय? तो रंग मारत होता. माझं पायाखालचं सगळं आयुष्य त्याने कोपऱ्यात फेकलं होतं. उचलून आणलं."

"टांगलंस कशाला?"

"वाटलं, जे परत यायचंय ते टांगायचं. गुडघा काही परत यायचा नाही, पण टांगायला काय जातंय?"

मग सनोबरआपाने सगळं सांगितलं. डब्ब वाजलेले डबे सांगितले, नेमतचं बोलणं सांगितलं. शिलाई मशीनचंही सांगितलं. ते ऐकून तुर्सुनोयआपाचे डोळे बारीक झाले.

"पाय ठेवायचीस म्हणाला?"

"हं."

"माझे तिघंही तेच म्हणतात." तिने काठी उचलली. "फळी देते. पण फळी माझी आहे. ती जाईल तिथे मी जाईन."

"ये ना. नाही कोण म्हणतंय?"

"तू म्हणणार होतीस. तुझ्या नाकावर दिसतंय."

मंगळवारी योदगोरअकाने तुतीची फळी पुन्हा जागेवर आणली. तुर्सुनोयआपा शेजारी खोक्यावर बसली, काठी मांडीवर आडवी.

"कोणत्या भोकात लावू?" योदगोरअकाने विचारलं, आणि जीभ चावली.

"जवळच्या," सनोबरआपा म्हणाली.

"लांबच्या," तुर्सुनोयआपा म्हणाली. मग हात झटकला. "लाव, लाव बुटकीच्या. दाबणार तीच आहे."

बोल्ट बसायच्या आधी मी ती फळी नीट बघून घेतली. पुढे एक खड्डा, छोटा पण खोल, त्यात अंगठ्याची आणि शेजारच्या बोटांची जागा वेगवेगळी दिसत होती. मागे दुसरा, रुंद आणि गुळगुळीत, वाटीच्या बुडासारखा. पुढचा सनोबरआपाचा, ती बोटांवर जोर देऊन दाबायची. मागचा तुर्सुनोयआपाचा, ती टाचेने. लाकडाच्या रेघा त्या खड्ड्यांपाशी वाकून खाली उतरल्या होत्या, जणू झाड वाढतानाच तसं वाढलं होतं. पुढच्या खड्ड्याच्या डाव्या कडेला एक काळपट डाग होता. सनोबरआपा म्हणाली, "नेमतच्या वेळी दिवस भरत आले होते तेव्हाचा. पाय सुजायचे, चपला चढत नव्हत्या. अनवाणी उभी राहायचे. घामाचा आहे."

"काहीतरीच. तो डाग माझ्या करंगळीचा आहे," तुर्सुनोयआपा म्हणाली.

"तुझी करंगळी एवढ्या पुढे आली कशी?"

"घसरू नये म्हणून बोटं अडकवायला जागा लागते ना! टाचेने दाबायचं म्हणजे पाय पुढे पळतो. पुढे तो खड्डा होता, त्यात..." ती बोलता बोलता थांबली.

सनोबरआपाने चप्पल काढली. पाय फळीवर ठेवला. या वेळी तो काही शोधत नव्हता. बोटं आपल्या जागी बसली, आणि टाच आपसूक मागच्या वाटीत उतरली. तिने डबा ठेवला, झाकण टेकवलं, दाबलं. चाकं फिरली. शेवटच्या वळशाला यंत्र थरथरतं, तेव्हा पाय उचलला जाऊ नये म्हणून सगळं अंग टाचेवर रेलावं लागतं. टाच वाटीत घट्ट बसली होती. हलली नाही.

"थांब," तुर्सुनोयआपा काठी फळीकडे रोखत ओरडली. "तुझी टाच माझ्या खड्ड्यात आहे!"

"असू दे ना मग. तुझी बोटं नव्हती माझ्या खड्ड्यात?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. योदगोरअका हातात पाना घेऊन उभा, कोणाची बाजू घ्यावी कळत नव्हतं. मी डबा कालव्याच्या पाण्यात निववला, काढून पुसला. बिस्मिल्ला म्हणून काडी मारली.

टण्ण.

बारीक, लांब. रिकाम्या पियाल्यासारखा. सगळ्या कारखान्यात फिरून तो आवाज माझ्या कानात परत आला. इतकी वर्षं मी हे दोन आवाज वेगळे ओळखत आले, त्याचा मला अभिमान होता. दोन्ही एकाच फळीवर, एकमेकींच्या आधाराने उभे होते, हे मात्र मला कानाने कधी कळलं नव्हतं. ते त्या लाकडात लिहिलेलं होतं.

"म्हणजे मी रोज तुझ्यासाठी फळी झिजवत होते," तुर्सुनोयआपा हळूच म्हणाली.

"आणि मी तुझ्यासाठी."

"फुकट?"

"फुकट."

"बुटके," तुर्सुनोयआपा म्हणाली, आणि डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसले. "आधी सांगितलं असतंस तर शिव्या तरी कमी दिल्या असत्या."

गुरुवारी अर्धं गाव कारखान्यात होतं. कर्णे वाजले, साहेबांनी फीत कापली, भाषण लांबलं. नेमत पांढरा सदरा, चकचकीत बूट घालून पुढे उभा होता, हातात फोन, आईचा फोटो काढायला. उकळता पाक आणि अर्धे केलेले जर्दाळू भरून डबे तयार होते. तुर्सुनोयआपाने एकच अट घातली होती, झाकणं ती देणार. खोक्यावर बसून, एकेक झाकण पुसून सनोबरआपाच्या उजव्या हाताशी.

सनोबरआपाने चपला काढल्या तेव्हा गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. मग तिने दाबायला सुरुवात केली आणि हसणं थांबलं. डबा, झाकण, पाय. डबा, झाकण, पाय. मागे वळून न बघता झाकण हातात येत होतं. कोणी 'दे' म्हणत नव्हतं, कोणी 'घे' म्हणत नव्हतं. नेमतचा फोन हळूहळू खाली आला. तो आईच्या पायाकडे बघत होता.

"आई, मी करून बघू?" तो म्हणाला.

"बघ की. पाय तर ठेवायचाय," तुर्सुनोयआपा पटकन म्हणाली.

त्याने पाय ठेवला, बुटासकट. झाकण तिरकं बसलं, चाकं फिरली आणि पाकाची चिळकांडी सदऱ्यावर. लोक खो खो हसले. नेमतही हसला, पण मग त्याने ओठ घट्ट मिटले, खाली बसून बूट काढले, मोजे काढले. आता तो खरोखर करत होता.

"बोटं पुढे," सनोबरआपा म्हणाली. "टाच सोडू नकोस. शेवटी ती पळायला बघते, तेव्हा रेल."

या वेळी डबा बंद झाला. निदान दिसायला. आईचा पहिला आणि त्याचा, असे दोन डबे कढईत उकळले, कालव्याच्या पाण्यात गार झाले, तोवर सगळ्यांनी चहा घेतला. मग माझी पाळी. माझं ऐकायला आयुष्यात कधी इतकी माणसं गप्प बसली नव्हती. सनोबरआपाचा डबा हातात घेतला, अल्लाचं नाव घेतलं, काडी मारली.

टण्ण.

"हा दोन हिवाळे टिकेल," मी म्हणाले.

नेमतचा घेतला. डब्ब.

"हा आजच खायचा," मी म्हणाले. तो कारखान्याचा जुनाच नियम. डब्ब वाजलेला डबा ठेवत नाहीत.

या वेळी नेमत हसला नाही. तो यंत्रापाशी गेला, खाली बसला आणि फळीवरून तळहात फिरवला. बोटं त्या पुढच्या खड्ड्यात गेली, मग मागच्या.

"हे कोणी कोरलंय?" त्याने विचारलं.

"कोरलं नाही रे बाळा," तुर्सुनोयआपा म्हणाली. "आम्ही उभ्या राहिलो."

तो काही वेळ तसाच बसून राहिला, अनवाणी, सदऱ्यावर पाकाचे डाग घेऊन. मग शेजारी उभ्या असलेल्या, कुठून तरी आलेल्या पाहुण्याला म्हणाला, "ही माझी आई." त्याला कोणी विचारलं नव्हतं. बोटाने पुढचा खड्डा दाखवला. "हा तिचा पाय आहे."

सनोबरआपा दुसरीकडे बघत होती. पण तिची मान अशी ताठ झाली होती, की ती बुटकी आहे हे त्या दिवशी कोणाला सांगून पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नेमत गेला. निघताना नानचा घास घेतला, आईने उरलेली टांगली. आईचा तो डबा त्याने सामानात दिला नाही, हातात धरून नेला. शुहरतने सासूला फाटकाशी बसवलं आहे, तुतीच्या फळीसकट. फळी कोणत्या भोकात लावायची यावरून दोघींचं अजून ठरलेलं नाही. सकाळी सनोबरआपा जाऊन बघते तर ती लांब, दुपारी तुर्सुनोयआपा जाते तर जवळ. योदगोरअका म्हणतो, बोल्टच काढून टाकतो.

नेमतचा डबा मात्र उद्घाटनाच्या दुपारीच फोडला, नानबरोबर सगळ्यांनी खाल्ला. माझा गुरुवार होता, म्हणून माझा वाटा मी वाटीत घालून, रुमाल झाकून घरी आणला. सूर्य मावळला, अजान झाली, मी त्या जर्दाळूने रोजा सोडला. गोड होता. बंद करणारा कच्चा होता, पण जर्दाळू आमच्याच झाडांचे होते.